महाग टॅबलेट घ्यावा का: काच, पेन आणि वर्षांचा हिशेब

कोल्हापूरच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रेखाटनासाठी तिला वरच्या श्रेणीचा टॅबलेट हवा आहे. चार वर्षांपूर्वी सत्तर-बहात्तर हजारांना मिळणारा टॅब आता लाखाला टेकला आहे, आणि मोठा स्क्रीन, पेन व कीबोर्ड धरले तर बिल पावणेदोन लाखांवर जाते. ही वाढलेली किंमत देण्याजोगी आहे का, की आपण केवळ नावाचे पैसे मोजतो आहोत, असे त्यांनी विचारले आहे.

मी चौदा वर्षे पुण्यात टॅबलेट आणि लॅपटॉप दुरुस्त करतो, आणि गेली काही वर्षे चित्रकार, लहान स्टुडिओ व शिकवणी वर्ग यांना खरेदीबाबत सल्लाही देतो. नवा टॅब हातात घेऊन मत बनवणे सोपे असते. माझ्याकडे टॅब येतो तो दोन, चार किंवा सहा वर्षे वापरून झाल्यावर, आणि त्या वेळी मालकाने कशासाठी दिलेले पैसे उपयोगी पडले व कशासाठी दिलेले वाया गेले, हे स्पष्ट दिसते. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की वाढलेली किंमत काही लोकांसाठी पूर्णपणे योग्य आहे, मात्र ती काचेसाठी, पेनासाठी आणि अपडेट मिळण्याच्या वर्षांसाठी द्यावी. चिपसाठी, पातळपणासाठी आणि कीबोर्डसाठी देऊ नये.

आधी भाव कशाने वाढले ते नीट पाहू, कारण वेगवेगळ्या कारणांची वाढ एकाच आकड्यात मिसळली की सगळीच वाढ नफेखोरी वाटू लागते. उदाहरणासाठी ११ इंची आयपॅड प्रो घेतो, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोच असतो. २०२१ मध्ये एम१ चिपचा हा टॅब अमेरिकेत ७९९ डॉलरला आणि भारतात ७१,९०० रुपयांना आला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एम२ चिपचा आला, तेव्हा अमेरिकेतला भाव ७९९ डॉलरच राहिला, भारतातला मात्र ८१,९०० रुपये झाला. हे दहा हजार मुख्यतः रुपयाच्या घसरणीचे होते, कारण त्या दीड वर्षात डॉलर चौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपासवरून ब्याऐंशीच्या वर गेला होता. पुढे २०२४ च्या मे महिन्यात एम४ चिपचा टॅब आला तेव्हा अमेरिकेतला भावही ९९९ डॉलर झाला आणि आपल्याकडे ९९,९०० रुपये. ही उडी अठरा हजारांची दिसते, पण त्या वेळी १२८ जीबीचा पर्यायच बंद करून सुरुवात २५६ जीबीपासून केली गेली. आधीच्या पिढीचा २५६ जीबीचा टॅब ९१,९०० रुपयांना होता. म्हणजे सारख्यास सारखे लावून पाहिले तर वाढ आठ हजारांची आहे आणि त्या आठ हजारांत साध्या एलसीडीऐवजी दुपदरी ओएलईडी पॅनेल (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा स्क्रीन) मिळाले. ज्याला २५६ जीबीची गरजच नव्हती त्याला मात्र ही वाढ पूर्ण अठरा हजारांचीच पडली, आणि त्याची तक्रार मला रास्त वाटते.

अनेकांना असेही वाटते की भारतात हे टॅब आयात शुल्कामुळे महाग आहेत. तसे नाही. मोबाइल फोनवर मूळ सीमाशुल्क आहे, ते २०२४ च्या जुलैमध्ये २० टक्क्यांवरून १५ टक्के झाले. टॅबलेट मात्र संगणकाच्या वर्गात मोडतो आणि त्यावर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. त्यावर लागतो तो १८ टक्के जीएसटी. मे २०२४ च्या विनिमय दराने ९९९ डॉलरचे सुमारे ८३,३०० रुपये होत होते. त्यावर १८ टक्के चढवले की ९८,३०० च्या आसपास रक्कम येते, आणि इथला भाव होता ९९,९००. म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून टॅब मागवून वाचतात ते साधारणपणे जीएसटीचेच पैसे, त्यातूनही तिथल्या राज्याचा विक्रीकर वजा होतो आणि येताना विमानतळावरचे सीमाशुल्काचे नियम पाळावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टॅब आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, ते तिथेच राहिले. त्यामुळे कर कमी होऊन टॅब स्वस्त होतील म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता.

सध्याच्या भाववाढीचे आणखी एक कारण मेमरी हे आहे. जगातली बहुतेक डीरॅम मेमरी (उपकरण चालू असताना कामाला लागणारी तात्पुरती मेमरी) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी लागणारी खास मेमरी त्यांना जास्त नफा देते, म्हणून त्यांनी कारखान्यांची क्षमता तिकडे वळवली आणि २०२५ च्या उत्तरार्धात साध्या मेमरीचे भाव झपाट्याने चढले. याचा चटका महाग टॅबपेक्षा मधल्या आणि स्वस्त टॅबना जास्त बसतो, कारण तीस हजारांच्या वस्तूत मेमरीचा वाटा मोठा असतो आणि ती वाढ पोटात घालायला नफ्याची जागा कमी असते. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. ही दोन्ही कारणे लवकर उलटतील असे मला वाटत नाही, म्हणून ज्याला खरोखर गरज आहे त्याला भाव उतरेपर्यंत थांबा असा सल्ला मी देत नाही.

आता काचेकडे येतो, कारण टॅबमध्ये ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे देणे मला सर्वांत योग्य वाटते ती हीच, आणि सर्वांत मोठा खर्चही तीच करायला लावते. स्वस्त टॅबमध्ये वरची काच आणि खालचे एलसीडी पॅनेल हे दोन सुटे भाग असतात व त्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. बोटाने टिचकी मारली तर किंचित पोकळ आवाज येतो. पेन टेकवले की पेनाचे टोक आणि उमटणारी रेघ यांच्यामध्ये बारीक फट दिसते, कारण टोक काचेवर असते आणि रेघ त्याच्या खाली. नोंदी लिहिणाऱ्याला ही फट जाणवतही नाही. डोळ्याची पापणी किंवा अक्षराची वेलांटी काढणाऱ्याला मात्र ती प्रत्येक रेघेला जाणवते, आणि हात नकळत थोडा वर किंवा बाजूला सरकवून रेघ काढायची सवय लागते. लॅमिनेटेड डिस्प्लेमध्ये काच आणि पॅनेल एकमेकांना पूर्ण चिकटवलेले असतात. तिथे शाई थेट टोकातून आल्यासारखी वाटते. आयपॅडच्या मालिकेत साध्या आयपॅडचा डिस्प्ले लॅमिनेटेड नाही, एअर आणि प्रो यांचा आहे. चित्रकाराने साधा टॅब सोडून वरचा घेण्याचे माझ्या मते हे पहिले आणि सर्वांत ठोस कारण आहे.

याची दुसरी बाजू माझ्या टेबलावर दिसते. साध्या टॅबची काच फुटली तर मी तो हीटिंग मॅटवर ठेवतो, कडेचा गोंद मऊ झाला की सक्शन कपाने काच केसभर उचलतो, त्या फटीत पातळ प्लॅस्टिकचे पान सरकवून चारही बाजूंचा गोंद सोडवतो, आणि खालचे पॅनेल शाबूत असेल तर फक्त काच बदलतो. खर्च तीन-चार हजारांत भागतो. लॅमिनेटेड डिस्प्लेला तडा गेला की काच व पॅनेल यांचा संपूर्ण जोड बदलावा लागतो. गेल्या पावसाळ्यात एक तरुण चित्रकार आपला दीड वर्षाचा टॅब घेऊन आली होती. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. दप्तरात टॅब आणि पाण्याची स्टीलची बाटली शेजारी होती, बसमध्ये गर्दीने दप्तर दाबले गेले आणि एका कोपऱ्यातून चार बोटांचा तडा गेला. काच हाताला गुळगुळीतच लागत होती, पण त्या कोपऱ्यापासून स्क्रीनवर काळा डाग पसरत चालला होता. मूळ सुट्या भागासह दुरुस्तीचा आकडा टॅबच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास गेला. ती रक्कम ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण टॅबचे हप्ते अजून चालू होते. म्हणून लाखाच्या टॅबसोबत अपघाती नुकसानीचे संरक्षण घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. स्वस्त वस्तूवर ते घेऊ नका असे मी सांगत आलो आहे. इथे मात्र ते किमतीचाच भाग समजावे.

प्रो श्रेणीतल्या दुपदरी ओएलईडीबद्दल मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. यात प्रकाश देणारे दोन थर एकावर एक असतात, त्यामुळे प्रत्येक थरावर ताण कमी पडतो आणि पूर्ण स्क्रीन १,००० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचे माप) उजळतो; काळा रंग म्हणजे तिथे प्रकाशच नसतो. चित्रफितीचे रंग जुळवणाऱ्यासाठी, छायाचित्रकारासाठी आणि ॲनिमेशन करणाऱ्यासाठी हे फार मोलाचे आहे, कारण त्याचे काम शेवटी स्क्रीनवरच पाहिले जाते. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याचे बरेचसे काम मात्र पोस्टर, वेष्टन, पुस्तकाचे मुखपृष्ठ अशा छापील वस्तूंवर जाते. चार शाईंच्या छपाईत ओएलईडीवरचा तो खोल काळा आणि ते झगझगीत निळे उतरत नाहीत. उलट स्क्रीनवर फार सुंदर दिसलेले चित्र छापून आल्यावर फिके वाटते आणि विद्यार्थी गोंधळतो. एअर व प्रो दोघांचेही पॅनेल पी३ हा विस्तृत रंगपट्टा दाखवतात. छपाईच्या कामासाठी तेवढे पुरेसे आहे. शिवाय चित्राच्या ॲपमधला टूलबार तासन्‌तास एकाच जागी राहतो, आणि ओएलईडीवर अशा स्थिर आकृतीचा पुसट ठसा कायमचा राहण्याचा धोका तत्त्वतः असतो, तो एलसीडीवर नसतो.

पेनाबद्दल दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे दाब ओळखला जातो का. ॲपलची ७,९०० रुपयांची यूएसबी-सी पेन्सिल तिरका कोन ओळखते, पण दाब ओळखत नाही. ११,९०० रुपयांची पेन्सिल प्रो दोन्ही ओळखते. देवनागरी सुलेखन करणाऱ्याला हा फरक एका अक्षरात कळतो. कान्याची रेघ वर भरीव सुरू होऊन खाली सुटत जाते, वेलांटीची शेपटी निमुळती होते, मात्रा टेकवताना जाड आणि उचलताना बारीक होते, आणि हे सगळे दाबावर अवलंबून असते. दाब नसलेल्या पेनाने काढलेले तेच अक्षर तारेने वळवल्यासारखे दिसते. त्यामुळे चार हजार वाचवण्यासाठी कलाकाराने तिथे तडजोड करू नये. दुसरी गोष्ट रिफ्रेश दराची, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो याची. ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो आणि १२० हर्ट्झचा दर ८.३ मिलिसेकंदांनी. वेगाने लांब वक्र ओढला तर ६० हर्ट्झवर रेघ टोकाच्या किंचित मागून धावताना दिसते. एअर ६० हर्ट्झचा आहे, प्रो १२० चा. मी दोन्ही टॅब शेजारी ठेवून अनेक चित्रकारांना रेघा ओढायला दिल्या आहेत. व्यावसायिक चित्रकाराला फरक पहिल्याच रेघेला कळतो. विद्यार्थ्याला तो सांगितल्यावर कळतो, आणि दोन दिवस एकाच टॅबवर काम केल्यावर त्याचा हात त्या वेगाशी जुळवून घेतो. हा फरक खरा आहे, पण एकटा तीस-चाळीस हजारांचा नाही.

जे पेन स्वतःच्या बॅटरीवर चालते ते महिनोन्‌महिने कपाटात पडून राहू देऊ नये, कारण पूर्ण उतरलेली लहान लिथियम बॅटरी अनेकदा पुन्हा चार्ज घेत नाही आणि असे पेन उघडून दुरुस्त करता येत नाही. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागतच नाही आणि ते टॅबच्या खोक्यातच मिळते. तुलना करताना ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात.

चिपबद्दल मी थोडक्यातच सांगतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या वरच्या श्रेणीच्या टॅबपैकी चिप अपुरी पडली म्हणून बदललेला टॅब मला आठवत नाही. बॅटरी थकते, चार्जिंगची पिन सैल होते, काच फुटते, स्टोरेज भरते. चिप मात्र धडधाकट असते. ४के चित्रफितीचे अनेक थर एकत्र करणारे, मोठ्या त्रिमितीय रचना फिरवणारे यांनाच नवीनतम चिपचा दर आठवड्याला उपयोग होतो. त्यांच्यासाठी आणखी एक फरक आहे, तो मला चिपपेक्षा महत्त्वाचा वाटतो. साध्या आयपॅडचे यूएसबी-सी ४८० मेगाबिट वेगाचे आहे, एअरचे १० गिगाबिट आणि प्रोचे ४० गिगाबिट. रोज शंभर-दोनशे जीबी चित्रण बाहेरच्या डिस्कवरून उतरवणाऱ्याचा वेळ तिथे वाचतो, आणि त्याला प्रोची किंमत परवडते. खोल्यांची मापे घेणाऱ्या अंतर्गत सजावटकारासाठी लायडार हा प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर प्रोमध्येच आहे. पातळपणाबद्दल एवढेच सांगतो की १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटर जाड आहे, आणि त्याला पडण्यापासून वाचवण्यासाठी घातलेले जाड कव्हर तो पातळपणा पहिल्याच दिवशी झाकून टाकते.

वर्षांच्या हिशेबात एक मोठा गैरसमज आहे. महाग टॅब जास्त वर्षे चालतो असे सगळे म्हणतात, आणि ढोबळपणे ते चुकीचेही नाही, पण अपडेट किती वर्षे मिळणार हे किंमत ठरवत नाही, चिपची पिढी ठरवते. २०१७ चा आयपॅड प्रो आणि २०१८ चा साधा आयपॅड यांच्या किमतीत मोठे अंतर होते. दोघांच्याही चिप एकाच पिढीच्या होत्या आणि दोघांचीही कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीची दारे २०२४ मध्ये एकाच वेळी बंद झाली. त्याआधी २०२३ मध्ये २०१५ चा पहिला प्रो आणि २०१७ चा साधा आयपॅड असेच एकत्र वगळले गेले. याउलट २०१८ च्या प्रोला २०२५ ची आवृत्तीही मिळाली, म्हणजे सात वर्षे झाली. यातून मी काढलेला व्यवहारी निष्कर्ष असा की कोणत्याही किमतीचा टॅब घ्या, पण तो बाजारात आल्याच्या पहिल्या वर्षात घ्या; दोन वर्षे जुनी चिप असलेला टॅब सवलतीत मिळाला, तर वाचलेले पैसे आणि कमी झालेली दोन वर्षे यांची तुलना करून मगच निर्णय घ्या. अँड्रॉइडकडे सॅमसंगने टॅब एस१० आणि एस११ या मालिकांना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले आहे. एस९ ला चार आवृत्त्या आणि पाच वर्षांची सुरक्षा एवढेच होते. त्यामुळे सवलतीत मिळणारा एस९ आणि नवा एस११ यांतला फरक केवळ वेगाचा नाही.

आता तुमच्या पावणेदोन लाखांकडे येऊ. १३ इंची प्रोचा २०२५ चा भाव १,२९,९००, पेन्सिल प्रो ११,९०० आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड ३३,९००. बेरीज १,७५,७०० रुपये. याच पैशांत तेव्हा दुसरे काय येत होते ते पाहा. २०२५ च्या मार्चमध्ये आलेला एम४ मॅकबुक एअर ९९,९०० रुपयांना होता, त्याच महिन्यात आलेला ११ इंची एम३ आयपॅड एअर ५९,९०० रुपयांना, आणि तीच पेन्सिल ११,९०० रुपयांना. एकूण १,७१,७०० रुपये. म्हणजे एक संपूर्ण लॅपटॉप आणि एक स्वतंत्र टॅब मिळून चार हजारांनी स्वस्त पडत होते. कीबोर्ड लावलेला टॅब लॅपटॉपची जागा घेईल या आशेने जे ते चौतीस हजार देतात, त्यांतले बरेच जण वर्षभरात लॅपटॉपही घेतात, हे मी वारंवार पाहिले आहे. २०२५ च्या आवृत्तीने आयपॅडवर खिडक्या मोकळेपणाने हलवता येऊ लागल्या, हे खरे. पण महाविद्यालयातली सादरीकरणे, छपाईच्या फाइलींची तपासणी, फॉन्ट सांभाळणे, मोठ्या फाइलींची देवाणघेवाण ही कामे अजूनही लॅपटॉपवर कमी त्रासात होतात. मराठी मजकूर असलेली मांडणी करताना तर वेगवेगळे देवनागरी फॉन्ट बसवणे आणि जुन्या फाइली उघडणे हे लॅपटॉपवरच करावे, असे मी सांगतो.

महिन्याच्या हिशेबानेही पाहावे. २०२५ च्या भावाने ११ इंची प्रो आणि पेन्सिल मिळून १,११,८०० रुपये होतात. सात वर्षे वापरला तर महिन्याला सुमारे १,३३० रुपये. ११ इंची एअर आणि पेन्सिल त्याच वर्षीच्या भावाने ७१,८०० रुपयांत येत होते. सहा वर्षे वापरला तर महिन्याला सुमारे १,००० रुपये. महिन्याचा फरक साधारण ३३० रुपयांचा आहे. जो चित्रकार दिवसाचे पाच-सहा तास पेन धरून असतो आणि महिन्याला एक जरी काम विकतो, त्याने या फरकाचा विचारसुद्धा करू नये. त्याचे डोळे, त्याचे मनगट आणि त्याचा वेळ याहून महाग आहेत. जो टॅब संध्याकाळी मालिका पाहण्यासाठी, वर्तमानपत्र वाचण्यासाठी आणि अधूनमधून नोंदी करण्यासाठी वापरणार आहे, त्याच्यासाठी २०२५ मध्ये ३४,९०० ला आलेला साधा आयपॅड किंवा त्याच आसपासचा अँड्रॉइड टॅब पुरेसा आहे आणि वरचे पैसे उगाच अडकतात.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाचा हिशेब आणखी वेगळा होतो. ९९,९०० च्या बिलात १५,२३९ रुपये जीएसटी असतो. व्यवसायासाठी टॅब घेतला आणि बिलावर स्वतःचा नोंदणी क्रमांक घातला, तर त्याची वजावट मिळते व टॅब ८४,६६१ रुपयांना पडतो. आयकरात संगणकावर मिळणारा ४० टक्के घसारा आपल्या लेखापालाला विचारून लावून घ्यावा. विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग नाही, पण ॲपलच्या शैक्षणिक दुकानात महाविद्यालयीन विद्यार्थ्याला काही हजारांची सवलत मिळते, आणि ती न विचारता पूर्ण भाव देणारे पालक मला नेहमी भेटतात. विनाव्याज हप्त्यांबद्दल एवढे लक्षात ठेवा की व्याज लागतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम आधी सवलत म्हणून देते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क तुमच्याकडूनच जाते. रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत हप्त्यांत मिळते का, हे विचारूनच ठरवा.

वापरलेला प्रो घेण्याचा पर्याय मी नाकारत नाही. भारतात ॲपलचे नूतनीकृत वस्तूंचे स्वतःचे दुकान नाही, म्हणून तपासणी आपणच करावी लागते. आधीच्या मालकाचे खाते पूर्णपणे निघाले आहे का ते समोर बसून पाहा, कारण तसे नसेल तर टॅब निरुपयोगी आहे. सेटिंगमध्ये ट्रू टोनचा (आजूबाजूच्या प्रकाशानुसार स्क्रीनचा रंग जुळवणाऱ्या सोयीचा) पर्याय नाहीसा झाला असेल, तर स्क्रीन बाहेरच्या सुट्या भागाने बदललेला असण्याची दाट शक्यता असते. बॅटरीची स्थिती सेटिंगमध्ये २०२४ पासून आलेल्या मॉडेलांतच दिसते. जुना टॅब असेल तर तो संगणकाला जोडून चार्जिंगच्या फेऱ्या पाहून घ्या. ॲपलच्या सांगण्यानुसार १,००० फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्के राहते. टॅब टेबलावर पालथा ठेवून कडेने डोळे लावून पाहा. स्क्रीन आणि चौकट यांच्यामध्ये एका बाजूला नखाएवढी जरी फट दिसली, तर बॅटरी फुगू लागली आहे असे समजून तो परत द्या.

तुमच्या मुलीसाठी मी १३ इंची आयपॅड एअर आणि पेन्सिल प्रो सुचवेन. २०२५ चा भाव ७९,९०० अधिक ११,९००, म्हणजे ९१,८०० रुपये, आणि शैक्षणिक सवलतीने त्याहून कमी. ११ इंची प्रोपेक्षा वीस हजारांनी स्वस्त असूनही शिकणाऱ्या हाताला तो अधिक देतो, कारण खांद्यापासून रेघ ओढायला शिकायची असेल तर मोठा पृष्ठभाग लागतो. लहान स्क्रीनवर मुले मनगटातूनच काढत राहतात आणि पुढे कागदाच्या मोठ्या आकारावर अडखळतात. स्टोरेज १२८ जीबी पुरेल, फक्त पूर्ण झालेली कामे दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर उतरवायची सवय तिला लावा. घरात आधीच अँड्रॉइडची सवय असेल आणि प्रोक्रिएट हे चित्रकलेचे ॲप तिच्या वर्गात अनिवार्य नसेल, तर २०२५ मध्ये ८०,९९९ रुपयांना आलेला सॅमसंगचा टॅब एस११ हाही चांगला पर्याय आहे. पेन त्यात येते, स्क्रीन १२० हर्ट्झचा आहे, क्लिप स्टुडिओ पेंट हे चित्रकलेचे दुसरे ॲप दोन्हीकडे चालते. प्रोक्रिएट मात्र अँड्रॉइडवर मिळत नाही, म्हणून हे एक तिच्या शिक्षकांना विचारून घ्या.

कीबोर्ड घेऊ नका. त्या पैशांतून अपघाती नुकसानीचे संरक्षण, कोपऱ्यांना उशी असलेले कव्हर आणि पेनाच्या जादा टोकांचे एक पाकीट घ्या. तिला कागदासारखा खरखरीत स्पर्श आवडत असेल तर मॅट फिल्म लावायला हरकत नाही, पण ती पेनाचे टोक लवकर झिजवते; टोकाच्या मध्ये धातूचा ठिपका दिसू लागला की त्याच दिवशी ते बदलावे, नाहीतर तो धातू फिल्मला आणि मग काचेला चरे पाडतो.

बिल मुलीच्या नावाने करा, अनुक्रमांकासह त्याचे छायाचित्र काढून घरच्या कोणाच्या तरी फोनमध्ये ठेवा, आणि दप्तरात टॅबच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवायची नाही, एवढे तिला पहिल्याच दिवशी सांगा.